वीस कोअरचा आय सेव्हन आणि दोन स्लॉटचा बोर्ड

पत्र:

"माझा कराडजवळ फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम फोटोशॉपवर करतो, व्हिडिओ एडियसवर. सध्याचा असेंबल्ड पीसी २०१७चा: आय फाइव्ह ७४००, डीडीआर ४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, एक एसएसडी. गेल्या दिवाळीत सोनीचा नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून डोकेदुखी सुरू झाली. ४के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की चित्र अडकतं, आवाज पुढे निघून जातो. दोन कोटेशनं आणली आहेत. एक अठ्ठावीस हजारांचं, 'आय सेव्हन, एच६१ बोर्ड, १६ जीबी, ५१२ एसएसडी'. दुसरं अठ्ठ्याहत्तर हजारांचं, 'आय सेव्हन १४७०० एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी, १ टीबी एसएसडी, जीटी ७३० कार्ड'. बजेट सत्तर हजार, मॉनिटर आहे. मेहुणे म्हणतात एएमडी घेऊ नका, तापतं. मुलगा डिप्लोमाला आहे, तो म्हणतो एएमडीच घ्या. प्रोसेसर आणि मदरबोर्ड नेमका कुठला घेऊ?"

उत्तर:

नमस्कार.

दोन्ही कोटेशनं परत करा. पहिल्यात तुम्हाला चक्क जुना माल नव्या खोक्यात विकला जातोय. दुसऱ्यातला प्रोसेसर ताकदीचा आहे, पण तुमच्या अडचणीवरचं औषध त्याच्याच नावातल्या एका अक्षरानं काढून घेतलंय. पन्नास हजारांचा फरक असलेल्या या दोन्ही मशीनवर तुमची टाइमलाइन अडकणारच, पहिल्यावर जास्त आणि दुसऱ्यावर थोडी कमी.

आधी पहिलं कोटेशन उरकून टाकू. 'आय सेव्हन' एवढं लिहिलेलं कोटेशन म्हणजे मॉडेल आणि साल न सांगता 'गाडी, चार चाकी' म्हणण्यासारखं. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन या इंटेलच्या पायऱ्या आहेत, पण त्या एकाच पिढीच्या आतल्या. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून: ३७७० म्हणजे तिसरी, ७४०० म्हणजे सातवी, १२४०० म्हणजे बारावी, १४५०० म्हणजे चौदावी. दुकानदारानं तो आकडा गाळला, पण बोर्डाचं नाव लिहून बसला आणि तिथंच सगळं उघडं पडलं. एच६१ हा चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य चिप, २०११चा. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात, म्हणजे फार तर आय सेव्हन ३७७०. तो २०१२ साली आला, चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेडचा (एका वेळी चालणारी आठ कामं). कोणत्या तरी ऑफिसच्या भंगारातून निघालेला प्रोसेसर आणि जुन्या चिपवर नव्यानं छापलेला बोर्ड, अशी ही जोडी आपल्याकडे सर्रास 'नवीन पीसी' म्हणून खपते. बिलिंगला, टायपिंगला ती चालतेही. तिथं माझी तक्रार नाही. पण तुमचा आताचा ७४०० त्याच तोलाचा आहे. वर तुमच्याकडे डीडीआर ४ रॅम आहे आणि हा बोर्ड डीडीआर ३वाला. अठ्ठावीस हजार मोजून मागे जाण्याचा हा प्रकार. २०२२च्या जानेवारीत आलेला साधा आय थ्री १२१०० या 'आय सेव्हन'ला एकूण कामात दुपटीच्या आसपास मागे टाकतो. विंडोज ११ची गोष्ट तर सोडाच. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर आठव्या पिढीपासून सुरू होतात, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

आता खरा प्रश्न: टाइमलाइन का अडकते?

तुम्ही सोनीचा कॅमेरा घेतल्यापासून हे सुरू झालं असं लिहिलंय, म्हणून माझा तर्क असा. कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंग मेनू उघडून बघा. एक्सएव्हीसी एचएस ४के असं काही निवडलेलं असेल आणि त्याखाली ४:२:२ १०बिट असेल. एचएस म्हणजे एच.२६५ कॉम्प्रेशन. फाइल लहान होते, पण उलगडायला जड जाते. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:०पेक्षा दुप्पट. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंग करताना फाटत नाही, तो यामुळेच. हे फुटेज सेकंदाला ५० फ्रेमच्या वेगानं उलगडत राहणं हे प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरचं काम नव्हेच. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो अंगच्या ग्राफिक्सबरोबर येतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. तुमच्या ७४००मध्येही तो आहे, पण सातव्या पिढीचा, त्याला एच.२६५ १०बिट उलगडतं ते ४:२:०पर्यंतच. ४:२:२ आलं की तो हात वर करतो आणि सगळा भार चार कोअरवर येऊन पडतो. मोबाइलवर शूट केलेली ४के क्लिप त्याच मशीनवर बरी चालते, हे तुम्ही पाहिलं असेलच.

एच.२६५ ४:२:२ १०बिट उलगडण्याची सोय इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हीडियाच्या कार्डांत ती २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या ४०, ३० मालिकांत नाही. एएमडीच्या रायझनमधल्या अंगच्या ग्राफिक्सला ती नाही. एडियस तर बऱ्याच वर्षांपासून क्विक सिंकच्या जिवावर पळणारं सॉफ्टवेअर आहे, आपल्याकडच्या लग्नाच्या एडिटिंगमध्ये ते टिकून राहिलं त्यात याचाही वाटा आहे. मात्र तुमची आवृत्ती जुनी असेल तर आधी ती अपडेट करा. जुन्या सॉफ्टवेअरला नव्या चिपमधली सोय ओळखता येत नाही.

यावरून दुसरं कोटेशन बघा. आय सेव्हन १४७०० एफ. या 'एफ'चा अर्थ अंगचं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही गेलं. मग स्क्रीनवर चित्र दिसायला काहीतरी कार्ड हवंच, म्हणून दुकानदारानं जीटी ७३० टाकलं. हे कार्ड २०१४चं. ४:२:२ राहू द्या, त्याला कुठलंच एच.२६५ उलगडता येत नाही. 'एफ' घेऊन वाचवलेले हजार-दोन हजार त्या कार्डानं खाल्ले आणि वर आणखी मागितले. वीस कोअर असल्यामुळे हा प्रोसेसर नुसत्या दांडगाईनं काही फुटेज ओढेल, हे मान्य. पण दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलंत की पुन्हा तोच अडकलेला नवरदेव.

आणि एच६१० बोर्ड. १४७०० एफच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, ते खालचं टोक. पूर्ण जोरात तो २१९ वॅटपर्यंत जातो. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून, बोर्डाला मिळतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतो सव्वा-दीडच्या आत. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, कडेला असलेली सर्किटं करतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. २१९ वॅट एवढ्या कमी व्होल्टेजला द्यायचे म्हणजे दीडशे ॲम्पिअरच्या वर प्रवाह. सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्डांवर व्हीआरएम मोजकं असतं आणि पुष्कळदा त्यावर उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंकच नसतो. वीस बैल जुंपायचे आणि जू दोघांचंच, असा मामला होतो. पहिली दोन-तीन मिनिटं रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल काढणं, सुसाट जातं, मग सर्किट तापतं आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. दुकानातल्या डेमोत हे कधीच दिसत नाही, कारण तिथं कुणी चाळीस मिनिटांचं रेंडर लावत नाही. शिवाय एच६१०ला रॅमचे स्लॉट दोनच आणि एम.२चा, म्हणजे एसएसडी लावायचा, स्लॉट बहुतेक बोर्डांवर एकच. व्हिडिओवाल्याला ही अडचण पहिल्याच सीझनमध्ये जाणवते.

मी तुमच्या जागी असतो तर आय फाइव्ह १४५०० घेतला असता. एफ नाही, के नाही, नुसता १४५००. सहा मोठे कोअर आणि आठ छोटे, वीस थ्रेड. पूर्ण जोरात १५४ वॅट, म्हणजे बऱ्यापैकी बोर्ड त्याला तासन्‌तास पेलतो. १३५०० मिळाला तरी फरक किरकोळ वेगाचा, बेलाशक घ्या. दुकानदार '१४४०० घ्या, तेच आहे, स्वस्तात पडेल' असं म्हणणार, तिथं जरा थांबा. १४४०० आणि १२४००मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, त्यात व्हिडिओचं इंजिन एक. १२५००, १३५००, १४५००मध्ये यूएचडी ७७०, त्यात इंजिनं दोन. फक्त अल्बम करणाऱ्याला मी १४४००च सुचवला असता. लग्नाच्या व्हिडिओत दोन-दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र चालवावं लागतं, तेव्हा ते दुसरं इंजिन कामाला येतं. बजेट फारच ओढाताणीत आलं तर १२५००. त्यात छोटे कोअर नाहीत, पण इंजिनं दोन आहेत.

आय सेव्हन न घेण्यामागे आणखी एक कारण आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांना, म्हणजे आय सेव्हन, आय नाइन आणि आय फाइव्हच्या के मॉडेलांना, व्होल्टेजचा रोग लागला होता. जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू झिजायची आणि मशीन कारण नसताना क्रॅश व्हायचं. इंटेलनं २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायोसमधून, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, द्यायची दुरुस्ती काढली आणि या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती घातलेला नवा प्रोसेसर घ्यायला हरकत नाही, पण सेकंडहँड आय सेव्हन १३७०० किंवा १४७०० 'मस्त रेटमध्ये' मिळतोय म्हणून कुणी आणलाच तर हात लावू नका. त्याची किती झीज झालीय ते बाहेरून ओळखता येत नाही.

बोर्ड बी७६० चिपसेटचा घ्या. झेड७९० नको, त्याचे जास्तीचे पैसे मुख्यतः के प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्यासाठी, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्यासाठी, आहेत आणि ते तुम्ही करणार नाही. पण 'बी७६०' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण त्याच चिपसेटवर अगदी लंगडे बोर्डही निघतात. मोबाइलवर त्या मॉडेलचा फोटो मोठा करून बघा. सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला धातूचे हीटसिंक दिसले पाहिजेत, किमान डाव्या बाजूला तरी. रॅमचे स्लॉट चार. एम.२चे दोन, एकात विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसऱ्यात चालू लग्नाचं फुटेज. मागच्या बाजूला १० गीगाबिटचा एक यूएसबी पोर्ट, कार्ड रीडरसाठी. रात्री दीड वाजता १२८ जीबीची दोन कार्डं उतरवताना त्याची किंमत कळते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही असले तर उत्तम, म्हणजे कार्डाशिवाय दोन मॉनिटर लागतील. आकारानं मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ बाय २४४ मिलिमीटर, तुम्हाला पुरतो. नावात बी७६० नंतरचा 'एम' त्यासाठीच असतो. आरजीबी दिवे, वायफाय, चिलखतासारखी झाकणं यांना पैसे देऊ नका. वायफाय लागलंच तर नंतर डोंगल मिळतो, व्हीआरएमचा डोंगल मिळत नाही.

अंदाजासाठी माझा ठोकताळा: बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या निम्म्याच्या आसपास किंवा जरा वर असावी. पाव झाली की कुठंतरी पाणी मुरतंय.

आता डीडीआर ४ की डीडीआर ५. या इंटेल प्रोसेसरांच्या एलजीए १७०० सॉकेटची गंमत अशी की दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर साधारण एकच प्रकार चालतो. एरवी मी डोळे झाकून डीडीआर ५ म्हणालो असतो. पण २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि आपल्यासारख्यांच्या हाती महागाई आली. अशा वेळी तुमच्याकडच्या दोन डीडीआर ४ स्टिक म्हणजे घरातलं सोनं. म्हणून बी७६०चा डीडीआर ४ बोर्ड घ्या, नावात बहुधा 'डी४' किंवा 'डीडीआर४' असं लिहिलेलं असतं. जुन्या १६ जीबीवर सुरुवात करा. अल्बमला ती पुरेल, व्हिडिओला आखूड पडेल, तेवढा सीझन काढा. हाताशी पैसे आले की १६-१६ची जोडी एकाच पाकिटातली घ्या आणि आधी ती एकटी चालवून बघा. मग उरलेल्या दोन स्लॉटमध्ये जुन्या स्टिक लावून पाहा. चारही जुन्यांच्या मंद वेगानं चालतील, पण ४८ जीबी मिळेल. मशीन अडखळलं तर जुन्या काढून ठेवा. दोनच स्टिक लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. हे बोर्डावर छापलेलं असतं, तरी निम्म्या असेंबल्ड मशीनमध्ये चुकलेलं सापडतं.

मेहुण्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, फक्त शिळं आहे. २०१२-१३च्या सुमाराला एएमडीचे एफएक्स प्रोसेसर खरोखर तापायचे. एफएक्स ८३५० हा १२५ वॅटचा आणि ९५९० तर २२० वॅटचा. २०१७ला रायझन आलं आणि चित्र पालटलं. आजचा रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा, जोरात ८८पर्यंत जातो. मेहुण्यांना हवं तर सांगा, दुसऱ्या कोटेशनमधला इंटेल याच्या अडीचपट वीज खातो.

मुलाचं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं आहे. रायझनचं एएम५ सॉकेट २०२२ला आलं आणि २०२७ आणि त्यापुढेही ते चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलंय. म्हणजे आज ७६०० घेतला तर दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर फक्त प्रोसेसर बदलता येईल. इंटेलचा एलजीए १७०० मात्र चौदाव्या पिढीवर संपला. कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ हे वेगळं सॉकेट लागतं. गेमिंगसाठी मशीन असतं तर मी मुलाच्या बाजूनं कौल दिला असता. पण एएम५वर डीडीआर ५च चालते, म्हणजे रॅम नव्यानं आली. आणि ४:२:२साठी आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड पहिल्या दिवसापासून लागेल. सत्तर हजारांत हे दोन्ही आजच्या भावात बसत नाही. तुमचं पोट लग्नाच्या ऑर्डरींवर आहे, सॉकेटच्या आयुष्यावर नाही. बजेट लाखाच्या पुढे गेलं असतं तर उत्तर वेगळं असतं.

बाकीचं थोडक्यात. एसएमपीएस नावाजलेल्या ब्रँडचा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा घेऊ नका. १४५००च्या बॉक्समध्ये पंखा येतो, तो चालतो पण रेंडरला खूप आवाज करतो. दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर लावलात तर एप्रिल-मेमध्ये स्टुडिओत बसवेल. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएस १ केव्हीएचा बघा.

खरेदीला पुण्याला जा, कोल्हापूरला जा किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घाला, पण कोटेशनवर प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. 'बी७६० बोर्ड' चालणार नाही, कंपनी आणि पूर्ण नाव हवं. प्रोसेसर 'बॉक्स' आहे की 'ट्रे' हे स्पष्ट विचारा. ट्रे म्हणजे सुटा आलेला, त्याची वॉरंटी दुकानदार देतो. बॉक्सची तीन वर्षं इंटेल देतं. थोडा स्वस्त मिळतो म्हणून ट्रे घेऊ नका, दुकान बंद झालं तर कुणाच्या दारात उभं राहणार? बोर्डाचा ब्रँड निवडताना दोन बोर्ड सारखेच वाटले तर ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या हाताच्या अंतरावर आहे तो घ्या. बिल जीएसटीचं, पक्कं, सिरियल नंबरासकट.

एक गोष्ट मात्र स्वतः उभं राहून करा. बोर्डाचं खोकं तुमच्या समोर उघडायला लावा. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, सतराशे, केसाएवढ्या, त्यावर काळं प्लास्टिकचं झाकण. प्रोसेसर बसवायच्या आधी ते झाकण काढायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेनं सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी रांग मोडलेली दिसली, एक ठिपका वेगळा चकाकला, तर तो बोर्ड तिथंच परत. एकदा घरी आणल्यावर वाकलेल्या पिनेची वॉरंटी कोणी देत नाही. ते काळं झाकण फेकू नका, खोक्यात ठेवा. बोर्ड वॉरंटीला पाठवताना सॉकेट झाकूनच पाठवावा लागतो, नाहीतर कुरियरच्या हातची पिन तुमच्या माथी येते.

बायोस दुकानातच अपडेट करून घ्या. बी७६० बोर्ड २०२३च्या जानेवारीत आले आणि चौदावी पिढी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. गोदामात पडून राहिलेला बोर्ड १४५००ला कदाचित ओळखणार नाही, पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड असेल तर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हनं काम होतं.

पैसे देण्याआधी तुमच्या कॅमेऱ्यातली एक खरी क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा. अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं, एफ नसलेलं मशीन दुकानात असेलच. क्लिप लावा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख वर चढला आणि सीपीयू शांत राहिला, तर माझा तर्क बरोबर. डिकोडचा आलेख तळाला आणि सीपीयू शंभराकडे गेला, तर तुमचं रेकॉर्डिंग बहुधा एक्सएव्हीसी एस मध्ये होतंय. ते एच.२६४ असतं आणि त्याचं ४:२:२ १०बिट या प्रोसेसरांचं क्विक सिंकही उलगडत नाही. तसं निघालं तर कॅमेऱ्यात जिथं एचएस निवडता येतं तिथं एचएस निवडा. जिथं येत नाही तिथं ४:२:० घ्या, किंवा एडियसमध्ये प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम करा. हा तपास फुकटचा आहे आणि खरेदीच्या आधी करायचा आहे.

मुलाच्या गेमसाठी आणि कलर ग्रेडिंगच्या वेगासाठी पुढंमागं आरटीएक्स ५०६० सारखं कार्ड घ्याल, तेव्हा बोर्ड, एसएमपीएस काही बदलावं लागणार नाही. पण कार्ड लावल्यावर पुष्कळ बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन 'इंटर्नल ग्राफिक्स' किंवा 'आयजीपीयू मल्टिमॉनिटर' हा पर्याय शोधा आणि 'एनेबल' करा. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसायला हवेत. एकच दिसला तर मुलाला पुन्हा बायोसमध्ये पाठवा.